जावई गुडघा

सीपरी बाजारात माझं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे. गुडघे धरून आलेल्या माणसाला आधी जिना चढायला लावणारा फिजिओथेरपिस्ट झाशीत माझ्याशिवाय दुसरा नसावा. मला खालचा गाळा हवा होता, पण तो चपलेच्या दुकानाला गेला. वरचा मिळाला तेव्हा "पेशंटचा तेवढाच व्यायाम" अशी मी स्वतःची समजूत घातली. बायको म्हणाली, "व्यायाम होईल हो, पण तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच संपेल." तिचं खरं निघालं. जिन्याच्या वळणावर बसून घाम पुसणारी आणि तिथूनच माघारी वळणारी माणसं मी वरून हताशपणे पाहिलेली आहेत.

पाटीवर काहीही लिहिलेलं असो, बाजारात मी "मालिशवाले डॉक्टर साब". एकदा पलीकडच्या गल्लीतले मिठाईवाले गुप्ताजी धापा टाकत वर आले आणि खिशातून बाटली काढून म्हणाले, "भैया, सरसों का तेल हम अपना ही लाए हैं."

मी म्हटलं, "मी मालिश करत नाही."

"तो फिर करते क्या हैं?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "उठना-बैठना सिखाता हूँ."

"वो तो हमें आता है."

"तर हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठून दाखवा."

गुप्ताजी दोनदा पुढे झुकले, दोनदा मागे बसले. मग बाटली खिशात ठेवून म्हणाले, "सिखाइए." ते अजून येतात. तेलही अजून आणतात.

तर हा माझा धंदा. तुटलेलं सर्जन जोडतो, आणि जोडलेलं पुन्हा चालतं करायचे महिने माझे. त्याचं काम एका सकाळचं, नाव त्याचं. माझं काम नऊ महिन्यांचं, शिव्या माझ्या. इतक्या वर्षांत मला धक्के बसायचे बंद व्हायला हवे होते. पण एका गुडघ्यानं मला असे काही दिले की घरात कुणी "दीपालीचा पाय" म्हटलं तरी मी हातातला कप आधी खाली ठेवतो.

दीपालीचे वडील भुसावळकडून रेल्वेच्या नोकरीवर इथे आले. ती इथलीच. मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र हिंदीच्या रुळावरून गाडी नेते. "काका, मी आली होती, पण आप नव्हते." उंच, इतकी की माझ्या क्लिनिकच्या दारातून आत येताना मान झुकवायची. मी ते अनेक वर्षं आदर समजत होतो.

ती बास्केटबॉलवर रेल्वेतच नोकरीला लागली होती. आपल्याकडे या खेळाचा व्यवसाय असाच चालतो. कागदोपत्री ऑफिसातलं टेबल, प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ मैदान. पगार खेळाचा, आणि खेळ सुटला की ते कागदावरचं टेबल खरोखरीचं होतं. दीपाली त्या टेबलाला "माझं सासर" म्हणायची. कधीतरी जायचंय, पण आज नको. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती, आणि पुढच्या भाद्रपदात मोठ्या संघाच्या निवडीचं शिबिर होतं. या वयात अशी संधी बहुधा शेवटचीच. हे तिला, तिच्या कोचना आणि मैदानाबाहेरच्या शेंगदाणेवाल्यालाही माहीत होतं.

तो शेंगदाणेवाला मला चांगला आठवतो, कारण पहिला धक्का बसला तेव्हा मी त्याच्याकडून पुडी घेत होतो. थंडीचे दिवस, संध्याकाळचा सामना. दीपालीनं उंच उडी मारून चेंडू धरला, खाली आली, वळायला गेली आणि बसली. बस्स. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. जवळची मुलगी हातभर लांब होती. दीपाली स्वतःच्या डाव्या गुडघ्याकडे अशी बघत होती की जणू तो दुसऱ्याचा आहे आणि चुकून तिच्याकडे राहिलाय.

"काका," मी पोचलो तेव्हा ती म्हणाली, "आतमध्ये काहीतरी वाजलं. पण दुखत नाही आता. मी उठू?"

माझ्या हातातले शेंगदाणे तिथेच सांडले. गुडघ्याच्या आत मांडीच्या आणि नडगीच्या हाडाला तिरका बांधून ठेवणारा एक दोर असतो. पाय रोवून अंग वळतं तेव्हा गुडघा जागेवर ठेवायचं काम त्याचं. तो तुटला की आवाज येतो, आणि थोड्याच वेळात दुखणं कमी होऊन माणसाला वाटतं, वाचलो. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. मोटारगाडीच्या धडकेत माणसाचा गुडघा शाबूत राहावा आणि एका साध्या उतरण्यात, एकटीनं, मोकळ्या जागेत, धडधाकट खेळाडूचा तुटावा? पण या खेळात तो बहुतेक वेळा असाच तुटतो. संघातल्या एका मुलीनं तो सामना मोबाइलवर घेतला होता. त्यात स्पष्ट दिसत होतं. पाय जमिनीला लागला आणि गुडघा आतल्या बाजूला कलला, वाऱ्यानं दार आत ढकलावं तसा. दीपालीनं तो तुकडा किती वेळा पाहिला असेल देव जाणे. पुढे ती जिभेला चटका बसल्यासारखं तोंड करून दर वेळी एकाच जागी तो थांबवायची.

दिल्लीला ऑपरेशन झालं. तिच्याच मांडीच्या मागचा स्नायूचा दोरा काढून आत नवा दोर बसवला. हे ऐकून तिच्या आईला, म्हणजे सोनवणेवहिनींना, भोवळ आली. "पोरीचं काढून पोरीलाच लावलं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, परक्याचं घेण्यापेक्षा बरं ना." त्या म्हणाल्या, "आणि जिथून काढलं तिथे काय लावलं?" या प्रश्नाला मी खोकून उत्तर दिलं.

मग ते माझ्याकडे आले. म्हणजे दीपाली, वहिनी आणि तो डावा पाय. तिघं वेगवेगळी माणसं असल्यासारखीच यायची.

क्लिनिकच्या दाराशी माझी आत्या बसते. आम्ही तिला ताईआत्या म्हणतो. पंच्याहत्तरीच्या पुढची, घरी करमत नाही म्हणून खंडेराव गेटहून रोज माझ्याबरोबर रिक्षानं येते, जिना माझ्याआधी चढते आणि टेबल बळकावते. ती माझ्या क्लिनिकची एकमेव जाहिरात आहे, आणि बाकीच्या पेशंटांना मी काही सांगायच्या आत लेप सांगून मोकळी होते, म्हणून एकमेव स्पर्धकही. पहिल्या दिवशी तिनं पाहिलं, की वहिनी एक उशी घेऊन आल्यात, तीवर पांढरा अभ्रा, त्यावर तो पाय अलगद ठेवतायत, वर शाल घालतायत, "लागतंय का, बरं वाटतंय का" विचारतायत.

"जावई आला वाटतं," ताईआत्या म्हणाली. "पाट मांडा रे!"

तेव्हापासून त्या गुडघ्याचं नाव जावईबापू. दीपाली फोनवरसुद्धा तेच म्हणायची. "काका, जावईबापू आज सुजून बसलेत." घरी त्याला बर्फाचा शेक, बसायला वेगळी खुर्ची, शेजारच्या बायका आल्या की त्याची विचारपूस. गंगेचं पाणी काय, अंगारा काय. दुसरा पाय, उजवा, त्या खुर्चीखाली कुठेतरी असायचा. तोच दीपालीला उचलून न्हाणीत न्यायचा, तोच जिना चढवायचा. आमचा नियमच आहे तसा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ताईआत्याला हा नियम फार आवडला. "उजवं पाऊल आधी, हे आमच्याकडे पहिल्यापासूनच आहे," ती म्हणाली. "तुझ्या कॉलेजात उगाच पाच वर्षं लावली."

पेशंटला वाटतं फिजिओथेरपी म्हणजे ताकद लावणं. सुरुवातीला खरी लढाई असते ती मांडीला जागं करायची. ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू रुसतो. माणूस म्हणतो आवळ, तो ऐकत नाही. दीपालीची ती मांडी पंधरा दिवसांत एवढी बारीक झाली की वहिनींनी शाल बाजूला केली आणि परत घातली. "माझ्या पोरीचा पाय बदलला हो," त्या रडत म्हणाल्या. दीपाली, जी सहा फुटी पोरींच्या कोपराला भीत नव्हती, ती त्या शिथिल स्नायूकडे बघून ओरडायची, "आवळ! अरे आवळ ना!" ताईआत्या दारातून सांगायची, "जावयाशी अरे-तुरे करू नये, अजून फुगेल."

दुसरा धक्का तिसऱ्या महिन्यातला. दीपाली एके दिवशी जिना पळत चढून आली. आनंदानं. "काका, एकदम फर्स्ट क्लास!" मी दाराशीच तिला हातानं थांबवलं. नवा दोर बसवला त्या दिवशी मजबूत असतो, मग शरीर त्याला आपलंसं करताना आधी विरघळवतं आणि मग परत विणतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, पेशंटला जेव्हा एकदम छान वाटतं, तेव्हाच तो सगळ्यात कच्चा असतो. मी तिला हे सांगितलं, तेव्हा ती तिथेच पायरीवर बसली.

"म्हणजे बरं वाटलं की घाबरायचं?"

"हो."

"और दुखलं तर?"

"तरी घाबरायचं, पण कमी."

"काका, तुमचा धंदा अजीब आहे."

नऊ महिने लागतील, असं मी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. त्यावर ताईआत्यानं सातव्या महिन्यात डोहाळजेवणाची आठवण करून दिली. वहिनींना ते खरं वाटलं आणि त्यांनी सुधारस करून आणला. डब्यातला निम्मा मी खाल्ला. पाय माझा नसला तरी टेन्शन माझंच होतं.

हळूहळू धावणं आलं, मग उड्या आल्या. उडीत मी डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवतो. दुखरा पाय मनातून घाबरलेला असतो, म्हणून माणूस उतरताना आधी चांगला टेकवतो, मग दुसरा. ऐकायला येतं धप्-धप्. दोन आवाज, मध्ये केसाएवढं अंतर. खेळाडूला ते कळत नाही, व्हिडिओतही नीट दिसत नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो आणि ती उड्या मारायची. खालचा चपलेवाला छताकडे बघून ओरडायचा, "काए डॉक्टर साब, छत गिराओगे का?"

"दोन आवाज," मी भिंतीला सांगायचो.

"एकच होता!"

"दोन होते. परत."

श्रावणात एकाच पायावरच्या लांब उडीची परीक्षा घेतली. आमची पद्धत अशी, की चांगल्या पायानं एक उडी, दुखऱ्यानं एक, आणि दोन्हींची तुलना. दुखरा चांगल्याच्या जवळपास आला की समजायचं पास. दीपालीचा डावा जवळपास आला नाही, तो उजव्याच्या पुढे गेला. चांगला वीतभर पुढे.

मी उडी मारली. माझी उडी कुणी मोजली नाही. कोच चौहान सर उभे होते, त्यांनी मला मिठी मारली. "डॉक्टर साब, आपने तो कमाल कर दिया. टूटा हुआ पैर साबुत से आगे!" मी गुप्ताजींच्या दुकानातून पेढे आणले आणि साऱ्या मजल्यावर, जिन्यावर, चपलेच्या दुकानात वाटले. गुप्ताजींनी डबा बांधताना विचारलं, "मालिश से ही हुआ ना?" मी आनंदात "हाँ" म्हणून गेलो.

तुटलेला पाय धडधाकट पायाच्या पुढे कसा काय गेला, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पेढे मात्र सगळ्यांना पुरले.

शिबिराला चार दिवस उरले आणि आमच्याकडे गौरी आल्या. खंडेराव गेटच्या आसपास मराठी घरं आता मोजकी उरलीत. गौरींच्या हळदीकुंकवाला ती सगळी आमच्या मधल्या खोलीत मावतात. मुली आता आरती मोबाइलवर बघून म्हणतात, आणि फुगडी म्हटलं की हसून भिंतीला टेकतात. ताईआत्याला याचा भयंकर राग. त्या दिवशी दुपारी ती पदर खोचून मधोमध उभी राहिली आणि जोडीदारीण शोधू लागली. तिची नजर दीपालीवर पडली, कारण त्या खोलीत दुसऱ्या कुणावर नजर पडणं शक्यच नव्हतं.

"ए बास्केटबॉल, ये इकडे."

दीपालीनं माझ्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "नको गं बाई, डाव्याला लागेल."

मी दारात कुंकवाचं तबक घेऊन उभा होतो, बायकोनं धरायला दिलं होतं. छाती पुढे काढून मी म्हणालो, "खेळू द्या वहिनी. डाव्याची माझी गॅरंटी."

आधी उभी फुगडी झाली. एवढीशी म्हातारी आणि ही ताडमाड पोर, दोघी मागे कलून गरगरल्या. मुलींनी मोबाइल काढले. मग ताईआत्याला चेव आला. "आता बसफुगडी!" दोघी समोरासमोर उकिडव्या बसल्या, हातात हात, आणि उड्या मारत एकेक पाय पुढे फेकू लागल्या. भार एका पायावर, दुसरा पुढे. मग उलट. मी श्वास रोखून डावा बघत होतो. डावा पोलादासारखा. मी बायकोकडे पाहून भुवया उडवल्या.

तेवढ्यात दीपाली धाडकन खाली बसली आणि ताईआत्या तिच्या मांडीवर.

मी तबकासकट धावलो. गौरींसमोरच्या पाटाला पाय अडकला आणि मी आडवा झालो, कुंकू माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर. मागून येणाऱ्या एका बाईनं मला तशा लाल अवस्थेत पाहिलं आणि किंकाळी फोडली. मग सगळ्याच ओरडल्या. ताईआत्या मात्र ठणठणीत. "मेलीनं पाडलं मला," ती म्हणत होती. "पंच्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा पडले."

वहिनी गुडघ्यांवर बसून डावा पाय चाचपत होत्या. "काही नाही आई," दीपाली हसत होती. "काका, जावईबापू एकदम ठीक! तुम्ही उठा ना, लोक समजतील तुमचंच ऑपरेशन झालं."

मी बसल्या जागेवरून विचारलं, "पडलीस तेव्हा भार कुठल्या पायावर होता?"

"उजव्यावर. म्हणून तर टेन्शन नाही."

खोलीत हशा पिकला. मी कुंकवात बसून राहिलो. "उजव्यावर" हा शब्द मी नऊ महिन्यांत पहिल्यांदाच ऐकला होता. "अगं, परत एकदा बस बघू, उजव्यावर," मी म्हणालो. बायको म्हणाली, "आधी तुम्ही आंघोळ करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला मैदानावर बोलावलं. चौहान सरही आले. दीपालीची एक जुनी खोड होती. मैदानात शिरताना ती उजव्या पायावर उडायची आणि डाव्या हाताची बोटं बास्केटच्या जाळीला लावून जायची, देवळात शिरताना घंटा वाजवावी तसं. दुखापतीआधी सारी झाशी ते बघत आली होती. ऑपरेशननंतर ती जाळीला शिवायची, पण दोन्ही पायांवर उडून, नाहीतर डाव्यावर, कारण आम्हा सगळ्यांना डावाच बघायचा असायचा.

"आज उजव्यावर," मी म्हटलं.

ती हसली, चार पावलं धावली, उडाली. जाळी हलली नाही.

तिला वाटलं अंदाज चुकला. परत धावली. बोटं जाळीच्या खालून गेली. तिसऱ्यांदा तिनं दात आवळले. जाळी तशीच. चौहान सरांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली आणि नुसतीच धरून ठेवली.

काय झालं होतं ते मला आदल्या दिवशीच कळून चुकलं होतं, पण डोळ्यांनी बघेपर्यंत मी मानत नव्हतो. डावा पुढे गेला नव्हता. उजवा मागे आला होता. नऊ महिने मैदान नाही, उड्या नाहीत, वजनं डाव्याची, सराव डाव्याचा, उजव्याला उरलंसुरलं. घरातली सगळी कामं त्याची आणि ताटात मात्र काही नाही. आणि डाव्याला मोजायची आमची फूटपट्टी कोणती? तोच उजवा. फूटपट्टीच आखडत गेली होती आणि आम्ही कापड वाढलं म्हणून पेढे वाटले होते.

मी सांगितलं, "दीपाली, शिबिर नको. उजव्याला महिने लागतील. असं खेळलीस तर तो जाईल."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. रागाच्याही आधी त्यावर नुसतं आश्चर्य होतं, लहान मुलाला विनाकारण थप्पड बसावी तसं.

"काका, तुम्ही पेढे वाटले होते."

"हो."

"जिन्यावर. सबको. चपलेवाल्याला पण दिला."

"हो गं."

"आणि आता उजवा? उजव्याला कधी काही झालंच नाही! परसों गाडी आहे माझी." तिनं चेंडू इतक्या जोरात आपटला की तो माझ्या डोक्यावरून गेला. "मला ते टेबल नको आहे काका. मी नाही बसणार तिथे."

चौहान सर हळूच म्हणाले, "डॉक्टर साब, जाने दीजिए. संभाल के खेलेगी."

"सर, संभाल के कोई नहीं खेलता," मी म्हटलं. "आप भी नहीं खेले थे."

मग मला सुचलं ते एवढंच. मी तिला गुडघाभर उंच बाकावर चढवलं आणि म्हटलं, "उजव्या पायावर खाली उतर. आणि समोर बघू नकोस, स्वतःच्या गुडघ्याकडे बघ."

ती रागारागात उतरली. पाऊल टेकलं, आणि गुडघा आतल्या बाजूला कलला. थोडासाच. मला वाटलं तिला दिसलं नसेल. ती परत बाकावर चढली. परत उतरली. परत कलला, वाऱ्यानं दार आत ढकलावं तसा.

ती तशीच उभी राहिली. ते दृश्य तिच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. मोबाइलवर ती रोज जिथे बोट ठेवून थांबवायची, तोच क्षण आता दुसऱ्या पायात होता, आणि यावेळी तुटायच्या आधीचा.

"तसाच," ती म्हणाली.

"हो."

"सेम तसाच, काका."

ती बाकावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. आधी डाव्याच्या सोडल्या, मग उजव्याच्या. मग उजवा तळवा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बसली. चौहान सर पाठ फिरवून जाळीकडे बघत राहिले. परवाच्या गाडीबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. सकाळी कुंकू नीट गेलं नव्हतं. माझे कान अजून लाल होते, आणि त्या प्रसंगी मी किती विद्वान दिसत असेन ते सांगायला नको.

शिबिर गेलं. पुढच्या वर्षी संघात विशीतल्या मुली आल्या, आणि मोठ्या संघाचं दार तिच्यासाठी परत उघडलं नाही. हे मी गोड करून सांगू शकत नाही. ते टेबल तिला मिळालं. पहिल्या दिवशी ती तिथून मला फोनवर म्हणाली, "काका, सासरी आली. खिडकी चांगली आहे." फोन ठेवल्यावर मी त्या दिवशीच्या पेशंटांना उशिरा आत घेतलं. ताईआत्यानं त्यांना तोवर लेप सांगून टाकले.

पण ऑफिस सुटल्यावर ती जिना चढत राहिली. आता दोन्ही पाय पाहुणे. डाव्याला जेवढं, उजव्याला तेवढं. वहिनींनी दुसरी उशी शिवली, तिलाही पांढरा अभ्रा. मी तुलना सोडून दिली आणि उंच जाळीचीच फूटपट्टी ठेवली. ती आखडत नाही.

पुढच्या माघात रेल्वेच्याच मैदानावर एक छोटा सामना होता. ऑफिसांचे आपसातले संघ, बघायला घरची माणसं, शेंगदाणेवाला आणि दोन कुत्री. कुठल्या पेपरात त्याची ओळ येणार नव्हती. मी, ताईआत्या आणि वहिनी पहिल्या बाकावर. मैदानात शिरताना दीपाली धावली, उजव्यावर उडाली आणि जाळी खळकन हलली. ताईआत्यानं हात जोडले. तिला ती देवळातली घंटाच वाटत असावी.

सामना सुरू झाला आणि मला कळलं, की मला बघवत नाहीये. एवढे लोक मी चालवले, पळवले, पण या पोरीला हवेत बघितलं की मी बाकाची कड धरून बसायचो. पलीकडच्या संघात दोन दांडग्या मुली होत्या. रिंगवरून चेंडू उसळला, तिघीही एकदम वर गेल्या, एकीचा खांदा दीपालीच्या बरगडीत बसला, ती हवेतच तिरकी झाली. मी डोळे गच्च मिटले. शेजारी वहिनींनी माझं मनगट पकडलं. त्यांचेही मिटलेले असणार, नाहीतर त्यांनी मला विचारलं नसतं.

बुटांची चरचर. कुणाचं तरी "अरे!" आणि मग जमिनीवर एकच आवाज.

"काय झालं? पडली का? भाऊजी, डाव्यावर उतरली का उजव्यावर?"

मी डोळे न उघडताच सांगितलं, "दोन्ही."